ग्रामपंचायतीची नगरपंचायत होतेय, हरकत घ्यावी की गप्प बसावं?

वॉर्ड_चार (मूळ प्रश्न)

नमस्कार. गावाचं नाव सांगत नाही, आधीच वाद पेटलाय. मोठं बाजाराचं गाव, शनिवारचा आठवडे बाजार, दोन राष्ट्रीयीकृत बँका, कॉलेज. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा हजारांच्या वर. आम्ही तालुक्याचं ठिकाण नाही. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिलीच टर्म, घरी शिलाईचं काम करते.

गेल्या आठवड्यात नगरपंचायतीची प्रारूप अधिसूचना निघाली. हरकतींना तीस दिवस आहेत. पेठेतले व्यापारी फटाके वाजवून मोकळे झाले. माझा वॉर्ड मात्र गावठाणाच्या बाहेरचा. दोन वस्त्या तर पार ओढ्यापलीकडे, सगळे ऊस आणि मजुरीवर जगणारे. तिथल्या बायका रोज विचारतात, "ताई, आता घरपट्टी किती येणार? आमचं घरकुल राहणार का?" मला उत्तर देता येत नाही. सरपंच म्हणतात निधी येईल. कुठून, किती, कोणाला, ते सांगत नाहीत.

ज्यांच्या गावात हे होऊन गेलंय त्यांनी खरं काय ते सांगा. भाषण नको.

---

कोरम_शंभर

ग्रामपंचायतीत सतरा सदस्य, नगरपंचायतीतही सतराच नगरसेवक. फरक एवढाच की आता बॅनरवर 'नगरसेवक' लिहिता येतं. आमच्याकडे निम्म्या मंडळींना तेवढंच हवं होतं.

---

वसुली_लिपिक

ताई, मी सव्वीस वर्षं ग्रामपंचायतीत वसुली केली. २०१४ साली शासनाने तालुक्याच्या गावांना नगरपंचायती द्यायचं ठरवलं, त्या लाटेत आमचं गाव गेलं. तेव्हा लोकसंख्येचं फार कोणी बघितलं नाही. मंडणगड, वाभवे-वैभववाडी यांची लोकसंख्या दहा हजारही नाही, तरी तिथे नगरपंचायती आहेत. तुमचं गाव तालुक्याचं नाही म्हणजे तुम्हाला १९६५ च्या नगरपरिषद कायद्याची मोजपट्टी लागते : लोकसंख्या दहा ते पंचवीस हजार आणि कामकरी लोकांपैकी किमान पंचवीस टक्के शेतीबाहेरच्या धंद्यात. बाजाराच्या गावाला ती बहुतेक लागू पडतेच. त्यामुळे 'आम्ही बसत नाही' ही हरकत टिकायची नाही. दुसरं बोला.

आता घरपट्टी. आमच्याकडे पहिल्या वर्षी काहीच वाढलं नाही. लोक म्हणाले, उगाच घाबरवलं. मग चतुर्वार्षिक आकारणी लागली, म्हणजे दर चार वर्षांनी घरपट्टी नव्याने ठरवतात ती. एजन्सीची पोरं टेप आणि मोबाईल घेऊन दारोदार फिरली. आमच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत, 'माती-विटाचे, पत्रा' म्हणून नोंद असलेलं घर दहा वर्षांपूर्वीच स्लॅबचं झालेलं. मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण सरपंच म्हणायचे राहू दे, आणि मीही राहू दिलं. ते सगळं एका उन्हाळ्यात वर आलं. वाढ दरामुळे झाली त्याहून जास्त ह्या लपलेल्या बांधकामांमुळे झाली, हे माझं मत, आणि ते बोलल्याबद्दल मी शिव्याही खाल्ल्यात.

शिवाय बिलात नवे रकाने येतात. शिक्षण कर, वृक्ष कर. दुकान असेल तर रोजगार हमी कर. इथे गंमत बघा. मनरेगा ही ग्रामीण भागाची योजना, त्यामुळे आमच्या वाड्यांवरची जॉबकार्डं बंद पडली, मंजुरीला गेलेल्या सिंचन विहिरी अडकल्या. आणि त्याच वर्षी पेठेतल्या किराणावाल्याच्या बिलावर रोजगार हमी कर छापून आला. तो बिल घेऊन माझ्या टेबलाशी आला, म्हणाला, "आप्पा, हमी गेली कुठं आणि कर आला कुठून?"

घरकुलाचं म्हणाल तर योजना बदलते, बंद होत नाही. ग्रामीणला एक लाख वीस हजार मिळायचे, शहरी योजनेत केंद्र-राज्य मिळून अडीच लाख. ऐकायला दुप्पट. पण शहरीला जागेच्या मालकीचा कागद लागतो, बांधकाम परवानगी लागते, नकाशा लागतो. वाडीवरच्या माणसाकडे नमुना ८ चा उतारा सोडून काही नसतं. तिथे अडीच लाख लांबूनच दिसतात.

---

वॉर्ड_चार

काका, हे कोणीच सांगितलं नव्हतं. मालकीचा कागद म्हणजे नक्की काय? आमच्या वस्तीत अर्ध्या लोकांची घरं सासऱ्यांच्या नाहीतर आजेसासऱ्यांच्या नावावर आहेत.

---

फुरसुंगीचा_भाडेकरू

दुसरी बाजू मांडतो. आमचं फुरसुंगी आणि शेजारचं उरुळी देवाची २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेलं, एकूण अकरा गावं होती. नंतर टॅक्सची बिलं बघून गावकरी उलटले आणि २०२४ मध्ये दोन्ही गावांची मिळून वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे आमच्याकडे लोकांनी नगरपरिषद मागून घेतली, कारण पर्याय महापालिका होता. तिकडे अकलूज, नातेपुतेकरांनी २०२१ मध्ये आंदोलन करून दर्जा मिळवला. सगळीकडे लोक विरोधातच असतात असं नाही.

ड्रेनेज, कचऱ्याची गाडी, फायर ब्रिगेड ही कामं वीस-पंचवीस हजारांच्या ग्रामपंचायतीला झेपत नाहीत. ग्रामसेवक एक, त्याच्याकडे तीन गावं. शहरी संस्थेला नगरोत्थानसारख्या योजनांतून पैसा मागता येतो, मुख्याधिकारी असतो, इंजिनीअर असतो. कर वाढतो, मान्य. पण बारा हजार लोकांनी अजून किती वर्षं गटार ओढ्यात सोडायचं?

---

वसुली_लिपिक

फुरसुंगीवाले, तुमचं खोटं नाही. आमच्याही पेठेत काँक्रीट झालं, भुयारी गटार झाली, रात्री एलईडी लखलखतात. पेठेत. वाडीचा रस्ता अजून मुरुमाचाच आहे. आणि मुख्याधिकारी 'असतो' म्हणालात, तर आमच्याकडे पहिली दोन वर्षं साहेबांकडे दोन नगरपंचायतींचा चार्ज होता. सोमवार-गुरुवार आमचे.

ताई, कागदाचं सांगतो, हे नीट वाचा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा, तो मालकी सिद्ध करत नाही. गावठाणातल्या घरांसाठी २०२० पासून स्वामित्व योजना चालू आहे, ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक देतात. ती योजनाही ग्रामीण भागासाठीच आहे. तुमच्या गावात ड्रोन फिरून गेला असेल आणि सनदा वाटायच्या राहिल्या असतील तर भूमिअभिलेखला आजच जा. अंतिम अधिसूचनेनंतर 'तुम्ही आता शहरी' हे वाक्य प्रत्येक खिडकीवर ऐकायला मिळतं. आणि मेलेल्या माणसांची नावं नमुना ८ वरून काढून वारसांची लावून घ्या, ग्रामपंचायत आहे तोवर. मासिक सभेत ठराव होतो, तुम्ही स्वतः सदस्य आहात. आमच्याकडे हे कोणी केलं नाही. नंतर एक म्हातारी उताऱ्यासाठी आली. तिला लहानपणापासून ओळखत होतो मी, तिच्या नवऱ्याच्या मातीला गेलो होतो. तरी म्हणावं लागलं, वारस दाखला आणा, अर्ज ऑनलाइन करा. खोली तीच, टेबल तेच, नमुना ८ च्या वह्या त्याच कपाटात माझ्या पाठीमागे. फक्त दाराबाहेरचा बोर्ड पेंटरने शनिवार-रविवारात बदललेला.

अजून एक, ज्याचा विचार कोणी करत नाही : तुमचे कर्मचारी. ग्रामपंचायतीचे लोक आपोआप नगरपंचायतीचे होत नाहीत. मंजूर पदं किती, शिक्षण किती, नेमणूक कधीची, नोंद आहे का, सगळं तपासतात. माझं समावेशन झालं, तेही चार वर्षं कोर्टकचेरी करून. आमचा पाणी सोडणारा गडी मात्र सातवी पास. त्याला ठेकेदाराकडे रोजंदारीवर जा म्हणाले. तो गेला नाही, ऊसतोडीला गेला. ठेकेदाराने नवा पोरगा आणला. आता गावातले व्हॉल्व्ह कुठे कुठे गाडलेत हे कुठल्याच नकाशावर नव्हतं, ते त्या गड्याच्या डोक्यात होतं. पंधरा दिवस वरच्या आळीला पाणी नाही आणि मारुतीच्या देवळापुढे तळं. शेवटी आम्ही तिघांनी वर्गणी काढून त्याला गाडीत घालून आणला, त्याने काठीने जमिनीवर टोकत टोकत अठ्ठावीस व्हॉल्व्ह दाखवले. ताई, तुमच्या पाणीवाल्याकडून नकाशा काढून घ्या आणि त्याचं नेमणूकपत्र, हजेरीपत्रक, भविष्य निर्वाह निधीची नोंद फाईलला लावा. उद्याच लावा.

---

कोरम_शंभर

आप्पांनी ग्रामसभेचं सांगितलंच नाही. नगरपंचायतीत ग्रामसभा नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, त्या चारही सभा संपल्या. सभागृहात सतरा लोक आणि तुम्ही बाहेर. आता म्हणाल ग्रामसभेला येतं कोण? आमच्याकडे शंभराचा कोरम भरायचा नाही, तहकूब करून पुन्हा घ्यायचे. पण ज्या दिवशी दारूच्या दुकानाचा विषय निघाला त्या दिवशी साडेतीनशे बायका पटांगणात बसल्या होत्या. तसं आता बसायला जागाच नाही.

---

वसुली_लिपिक

खरं आहे. ते लिहायचं टाळलं मी. ग्रामसभेत मला पुष्कळदा उभं करून विचारलंय, अमक्याची थकबाकी का वसूल केली नाही. तेव्हा राग यायचा.

---

वॉर्ड_चार

मग हरकत घ्यायची का नाही? घेतली तर काय लिहू? आमच्याकडे एक पुढारी छापील अर्ज वाटतोय, नुसती सही करायची.

---

वसुली_लिपिक

छापील नको. आमच्याकडे दोनशे छापील हरकती गेल्या, एकाच मजकुराच्या, सुनावणीला हजर तीन माणसं. त्यातले दोघं कशावर सही केली ते विसरलेले.

हरकत जिल्हाधिकाऱ्यांकडे, मुदतीत, पोच घेऊन. नगरपंचायतच नको असं लिहू नका, तो निर्णय वर होतो. हद्दीवर बोला. अधिसूचनेला हद्दीचं परिशिष्ट असतं, गट नंबर दिलेले असतात. ओढ्यापलीकडच्या तुमच्या दोन वस्त्यांचे गट नंबर त्यात आहेत का ते तलाठ्याकडून नकाशावर बघा. असतील तर लिहा की ह्या गटांत शेतीच आहे, मुख्य वस्तीपासून अंतर इतकं, रस्ता नाही, हे गट वगळून शेजारच्या ग्रामपंचायतीला जोडावेत. सातबारे लावा. मात्र आधी वस्तीतल्या लोकांना विचारा, शेजारच्या गावात जायला तयार आहेत का. आमच्या एका वाडीला हे जमलं असतं, पण शेजारच्या गावाशी यात्रेवरून जुनं भांडण. म्हणाले घरपट्टी भरू पण त्यांच्यात जाणार नाही. आता भरतायत.

आणि तुमच्या स्वतःबद्दल. अंतिम अधिसूचना लागू झाली की ग्रामपंचायत संपते, मुदत शिल्लक असली तरी. मग प्रशासक, बहुतेक तहसीलदार. निवडणूक लवकर होईल असं समजू नका. २०२२ नंतर राज्यातल्या कितीतरी संस्था वर्षानुवर्षं प्रशासकावर चालल्या, शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा त्या डिसेंबरात मतदान झालं. म्हणजे तुमच्या वॉर्डाला विचारणारं कोणी नाही असा काळ येणार. तेवढ्यात हद्द, नमुना ८ आणि पाणीवाल्याची फाईल, हे तीन हातावेगळे करा.

---

फुरसुंगीचा_भाडेकरू

निवडणूक लागली की नगरपंचायतीत सतरा प्रभाग आणि प्रत्येकाला एकच सदस्य. नगराध्यक्ष आता थेट लोकांतून. ताईंनी उभं राहावं, अर्ध्या जागा महिलांनाच आहेत.

---

वॉर्ड_चार

उभं राहायचं नंतर बघू. आज तलाठ्याकडे जाऊन आले. दोन्ही वस्त्या हद्दीत आहेत, आणि ओढ्यापलीकडचा स्मशानभूमीचा गटही. मधला एक गट मात्र यादीत नाही, विचारलं तर म्हणे टायपिंगची चूक असेल. तो गट कोणाचा ते मी इथे सांगत नाही, पण त्याचे मालक फटाक्यांत पुढे होते.

नमुना ८ पण काढला. माझ्याच घरावर अजून सासूबाईंच्या सासऱ्यांचं नाव आहे, माणूस १९८७ ला वारला. मासिक सभा अठ्ठावीस तारखेला आहे. काका, वारस नोंदीच्या अर्जाला प्रतिज्ञापत्र नोटरीचं चालेल का तहसीलचंच लागेल?

---

वसुली_लिपिक

आमच्याकडे नोटरीचं चालायचं, तरी तुमच्या ग्रामसेवकाला विचारूनच करा. मृत्यूचा दाखला आधी शोधा. १९८७ चा म्हणजे वही हाताने लिहिलेली असणार, नाव कसं लिहिलंय त्याचा भरवसा नाही. दोन्ही नावांनी शोधा, घरातलंही आणि कागदावरचंही.