प्रोग्रेसिव्ह चष्म्यापासून बाबा उतरताना चाचपडतात

पर्वतीकर:
बाबा ७३ वर्षांचे, रोज सकाळी पर्वतीला जातात. आधी लांबचा आणि वाचायचा असे दोन चष्मे होते, दिवाळीत प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत वर लांबचा, खाली वाचायचा नंबर) केला. चढताना ठीक, पण उतरताना पाय चाचपडतो. परवा पायऱ्या संपल्या समजून पाऊल टाकलं, कठडा धरला म्हणून वाचले. मोतीबिंदू नाही. दुकानदार म्हणतो, होईल सवय. नंबर चुकला असेल का?

चष्मेवाली:
नंबर बरोबर असला तरी असं होतं. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढते; ही तक्रार नेहमीची. प्रोग्रेसिव्हच्या काचेचा खालचा भाग वाचनासाठी, म्हणजे साधारण ४० सेंमीसाठी असतो. पायरी असते दीड-दोन मीटरवर. बाबा मान न वाकवता नुसती नजर खाली टाकत असणार, मग पायरीची कड धूसर दिसते आणि खोलीचा अंदाज चुकतो. त्यात दगडी पायऱ्या, सगळ्या एकाच रंगाच्या!

चालताना आपली नजर पावलावर नसते, साधारण दोन पावलं पुढे असते. पडायची धास्ती असलेले वयस्कर लोक तर पाय नीट टेकायच्या आतच नजर पुढच्या पायरीवर नेतात, आणि टाकत असलेलं पाऊल चुकतं. तेव्हा बाबांना सांगा, हनुवटी खाली घ्या, पाय टेकेपर्यंत त्याच पायरीकडे बघा. आणि पर्वतीला जुना लांबचाच चष्मा घालू दे; नंबर बदलला असेल तर नवा करा. 'होईल सवय' हे घरात टीव्ही-पेपरपुरतं ठीक आहे.

ठाणेकर_अजय:
म्हणजे आमच्या आईचाही बदलायला हवा? ती फारशी बाहेर पडत नाही, भाजी आणि देऊळ, बस.

चष्मेवाली:
नको, घाई करू नका. ऑस्ट्रेलियात प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल (एका काचेत दोन नंबरचे वेगळे भाग) अशा चष्म्यांच्या ६०६ वृद्धांवर प्रयोग झाला होता, २०१० मध्ये निकाल आले. निम्म्यांना बाहेरसाठी साधा लांबचा चष्मा दिला. नेहमी बाहेर फिरणाऱ्यांचं पडणं सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. पण क्वचित घराबाहेर जाणाऱ्यांचं बाहेर असताना तोल जाऊन पडणं उलट वाढलं. आईंना आहे तोच राहू दे. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला पिवळा पट्टा मारून घ्या, जिन्यात दिवा लावा.

पर्वतीकर:
जुना चष्मा सापडला, कपाटात होता. बाबांचं म्हणणं, वर जाऊन पेपर कशाने वाचू? आता वाचायचा खिशात देतोय.