स्वतःसाठी नियम लिहिले, पण पाळता येईनात. तुम्ही काय करता?

आडवी रेघ:
वय 41, काम दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढण्याचं. गेल्या महिन्यात बैठकीत साहेबांनी एका तक्त्याबद्दल माझं तोंडभरून कौतुक केलं. तो तक्ता माझ्या हाताखालच्या मुलीने दोन रात्री जागून केला होता. ती समोरच बसली होती. मी गप्प बसलो, वर हसलोसुद्धा. तिने फक्त पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

त्या रात्री झोप येईना, म्हणून वहीत नियम लिहायला बसलो. प्रामाणिकपणा, निर्भयता, संयम... असे एकूण 19. काल वही न उघडता आठवून पाहिले, तर 4 आठवले. त्यातला एक 'व्यायाम'. तो नीतीत कधी घुसला, देव जाणे. ज्यांनी असं काही खरंच चालवलंय त्यांनी सांगा, कसं जमतं? (उपदेश नको, तो मीच मला भरपूर केलाय.)

जुना टाक:
अठराव्या शतकातला अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन, त्याने स्वतःसाठी 13 गुण ठरवले होते. छोट्या वहीत सात दिवसांचे सात रकाने, चूक झाली की काळा ठिपका. पण सगळ्या गुणांच्या मागे एकदम लागायचं नाही. एका आठवड्यात लक्ष एकाच गुणावर, म्हणजे 13 आठवड्यांत एक फेरी, वर्षाला चार. नम्रता यादीत आधी नव्हतीच. लोक तुला गर्विष्ठ समजतात असं एका मित्राने सांगितलं, तेव्हा ती आली. ठिपके खरवडून खरवडून कागदाला भोकं पडली, मग त्याने हस्तिदंती पानांची वही घेतली, ओल्या स्पंजने पुसता यावी म्हणून. आणि व्यवस्थितपणाने त्याला सगळ्यात जास्त छळलं, हे त्यानेच लिहून ठेवलंय. तुम्ही तर 19 घेऊन बसलात!

पायरीवरची:
'प्रामाणिकपणा' हा नियम नाही हो, नुसता शब्द आहे. तो आज पाळला की मोडला, हे रात्री कशावरून ठरवणार?

आईच्या आजारपणात तिने विचारलं, "रिपोर्टात काय आलं गं?" मी म्हटलं, "अजून मिळाला नाही." तो माझ्या पर्समध्ये होता, कोपरा बाहेर आलेला. तिने तो पाहिला आणि कूस बदलली.

दारात खुनी येऊन आपल्या मित्राचा ठावठिकाणा विचारू लागला तरी खोटं बोलू नये, असं जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1797 साली मांडलं. मला ते आजही पटत नाही. पण मी आईसाठी कुठे खोटं बोलले होते? ती रडेल या भीतीने बोलले होते. तेव्हापासून माझा एक नियम आहे: ज्याचा रिपोर्ट त्याने विचारलं, तर खरं सांगायचं; नाही विचारलं, तर मागे लागायचं नाही. दुसऱ्या घरात तो चालेलच असं नाही.

दिवा मालव:
मी सेनेका या प्राचीन रोमन तत्त्वज्ञाची पद्धत वापरतो. दिवा गेला आणि बायको बोलायची थांबली (तिला त्याची सवय माहीत होती) की तो दिवसभराचं बोलणं-वागणं तपासायचा. स्वतःला झोडपायचा मात्र नाही. या खेपेला माफ, पुन्हा नको, असा सूर. मी दहा मिनिटं करतो. निम्म्या वेळा मधेच झोप लागते.

आडवी रेघ:
पायरीवरची, तुमचं वाचून 18 नियमांवर काट मारली. एक ठेवला, तोही बदलून: दुसऱ्याच्या कामाचं कौतुक माझ्या वाट्याला आलं, तर उठण्याआधी तिथेच नाव सांगायचं.

आज साहेबांना जाऊन त्या तक्त्याचं सांगितलं. ते "अच्छा" म्हणाले आणि पुढच्या कागदाकडे वळले. तिला कळल्यावर ती वैतागली. "आता कशाला सांगितलंत सर? त्यात एक बेरीज चुकलीय, मी ती गुपचूप दुरुस्त करणार होते." म्हणजे आधी तिला विचारायला हवं होतं का? वही उघडीच आहे.