विद्यापीठाशी लोकसंख्या-अभ्यासाचा करार करताना कोणत्या अटी आधी ठरवाव्यात?

प्रश्न

मी एका नगरपालिकेच्या नियोजन विभागात काम करते. पुढील पंधरा वर्षांत कोणत्या प्रभागात किती वर्गखोल्या, दवाखाने आणि ज्येष्ठांसाठी सेवा लागतील हे ठरवण्यासाठी विद्यापीठाच्या लोकसंख्याशास्त्र विभागाशी तीन वर्षांचा करार करावा, असा प्रस्ताव आहे. यापूर्वी एका संस्थेने आम्हाला उत्तम नकाशांसह सविस्तर अहवाल दिला होता. परंतु सभागृहात "या प्रभागात शाळा बांधायची की नाही" असे विचारले गेले, तेव्हा त्या अहवालात उत्तर सापडले नाही. या वेळी तसे होऊ नये यासाठी करारात काय असावे?

उत्तर १ (लोकसंख्याशास्त्राचे अध्यापक)

"आमच्या शहराचा लोकसंख्या-अभ्यास करा" असे काम सोपवू नका. जो निर्णय घ्यायचा आहे तो तारखेसह लिहून द्या. निर्णय बदलला की पद्धतही बदलते. पाच वर्षांनंतर पहिलीत किती मुले येतील हे सांगण्यासाठी आजची जन्मनोंदणी आणि पूर्वी जन्मलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष पहिलीत दाखल झाले याचे गुणोत्तर बऱ्याच अंशी पुरते, कारण ती मुले जन्मलेली आहेत. पंधरा वर्षांनंतरच्या पहिलीतील मुले मात्र अजून जन्मलेलीच नाहीत. तेथे वयोगटनिहाय प्रक्षेपण, म्हणजे प्रत्येक वयोगटाची भावी संख्या गृहीतकांवरून मोजणे, करावे लागते आणि त्यात जन्म, मृत्यू व स्थलांतर या तिन्हींविषयी गृहीतके धरावी लागतात. लहान क्षेत्रात यांपैकी स्थलांतराचे गृहीतक सर्वांत कमी भरवशाचे असते, म्हणून ते कशाच्या आधारे धरले हे अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिण्याची अट घाला.

एक उदाहरण देतो. ज्या प्रभागात मोठी वसतिगृहे आहेत, तेथे अठरा ते बावीस वयाच्या तरुणांची संख्या फुगलेली दिसते. संगणकाने या सर्वांचे वय सरळ दहा वर्षांनी वाढवले, तर प्रभागात तिशीतील पालकांची मोठी पिढी आणि तिच्या मुलांसाठी नव्या शाळांची गरज कागदावर उभी राहते. प्रत्यक्षात ते विद्यार्थी शिक्षण संपवून निघून जातात आणि त्यांच्या खोल्यांत पुन्हा त्याच वयाचे विद्यार्थी येतात. त्यामुळे असा गट वेगळा काढून उरलेल्या लोकसंख्येचेच प्रक्षेपण करावे लागते. वसतिगृहे कोठे आहेत, कोणत्या इमारतींना परवानगी मिळाली आणि त्यांतील किती घरांत लोक राहायला आले, ही माहिती तुमच्या विभागाकडे असते, आमच्याकडे नसते. भागीदारीचा खरा उपयोग या देवाणघेवाणीत आहे.

उत्तर २ (निवृत्त नियोजन अधिकारी)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु माझ्या मते आकड्याचे स्वातंत्र्य ही त्याहून महत्त्वाची अट आहे. निधीचे वाटप लोकसंख्येवर होत असेल, तर प्रत्येक नगरपालिकेला आपली संख्या अधिक दिसावी असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि नेमक्या याच कारणासाठी ती संख्या तिने स्वतः ठरवू नये. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात शहरांचे आणि काउंटींचे (जिल्ह्यासारख्या विभागांचे) वार्षिक लोकसंख्या-अंदाज पोर्टलंड स्टेट विद्यापीठाचे लोकसंख्या संशोधन केंद्र प्रमाणित करते व राज्याच्या महसुलातील वाटा त्यांच्या आधारे ठरतो. 2013 च्या कायद्याने त्या राज्यातील बहुतेक भागासाठी दीर्घकालीन प्रक्षेपणांचे कामही या केंद्राकडे आले. तेथे शहराच्या वाढीची हद्द आखताना वीस वर्षांची जमिनीची गरज मोजली जाते, त्यामुळे प्रक्षेपणातील थोड्याशा फरकानेही मोठ्या क्षेत्राचे भवितव्य बदलू शकते. म्हणूनच मसुद्यावर आक्षेप घेण्याची सोय आहे. फ्लोरिडातही असेच वार्षिक अंदाज फ्लोरिडा विद्यापीठाची एक संशोधन संस्था तयार करते.

तुमच्या करारात एवढे स्पष्ट असावे: नगरपालिका माहिती देईल, आक्षेप लेखी नोंदवील, परंतु आकडा बदलण्याचा अधिकार तिला नसेल, आणि निष्कर्ष गैरसोयीचा ठरला तरी तो ठरलेल्या मुदतीत प्रसिद्ध होईल.

उत्तर ३ (सांख्यिकी सल्लागार)

प्रभागनिहाय आकडे मागताना दोन मर्यादा ध्यानात ठेवा. क्षेत्र जितके लहान आणि त्यातील बदल जितका वेगवान, तितकी प्रक्षेपणातील टक्केवारीची चूक मोठी असते. म्हणून एकच आकडा न घेता कमी, मध्यम आणि अधिक असे तीन आकडे मागा आणि कोणत्या आकड्याला बांधकाम सुरू करायचे हे आधीच ठरवा. दुसरी मर्यादा गोपनीयतेची आहे. अमेरिकेच्या 2020 च्या जनगणनेत व्यक्ती ओळखल्या जाऊ नयेत म्हणून लहान क्षेत्रांच्या आकड्यांत हेतुपुरस्सर किंचित फेरफार केला होता. तुम्ही जन्मनोंदणी किंवा शाळांच्या पटाची माहिती विद्यापीठाला देणार असाल, तर नावे व पत्ते काढून, कोण पाहू शकेल आणि ती केव्हा नष्ट होईल हे लिहूनच द्या.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. वसतिगृहांचा मुद्दा आमच्या दोन प्रभागांना तंतोतंत लागू पडतो. तीन वर्षांनी करार संपल्यावर हे काम कोण पुढे चालवील, ही चिंता मात्र उरते.

उत्तर १ (लोकसंख्याशास्त्राचे अध्यापक)

अहवालाबरोबर गणनेच्या मूळ फाइली, गृहीतकांची नोंद आणि दरवर्षी कोणती माहिती भरायची याची पुस्तिका तुमच्या ताब्यात येईल, अशी अट घाला. पहिल्याच वर्षापासून तुमच्या विभागातील एका कायमस्वरूपी कर्मचाऱ्याला आमच्यासारख्या गटासोबत बसवा. दरवर्षी शाळेचा पट निश्चित झाला की तो आदल्या वर्षीच्या अंदाजाशी ताडून पाहण्याचे काम त्याच व्यक्तीकडे द्या.