प्रति: बीईच्या आधीची सुट्टी

वर कुणीतरी म्हटलंय की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाआधीचे हे तीन आठवडे नुसते अ‍ॅप्टिट्यूड टेस्टचे प्रश्न सोडवण्यात घालवा, जुलैत कॉलेज सुरू झालं की लगेच नोकरीसाठी मुलं निवडायला कंपन्या येतात. अर्धं पटतं, पण कागदपत्रांचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. आपल्या महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, माझ्या आधारवर ते शेवटी आणि वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, पॅनवर पुन्हा तिसरंच काहीतरी. सिलेक्शन झाल्यावर एचआरने फॉर्म परत पाठवला आणि कॉलेजातल्या ऐन सबमिशनच्या आठवड्यात मी आधार केंद्राच्या रांगेत, हातात दहावीच्या मार्कशीटची प्लास्टिकमध्ये घातलेली ओरिजिनल, बाहेर धो धो पाऊस. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे स्पेलिंग तिथल्या ऑपरेटरवर सोडू नका, पावती घ्यायच्या आधी स्क्रीनवर स्वतः वाचा (माझ्यात एक ए जास्त पडलाच होता). आत्ता घरी आहात तर आईच्या कपाटातली ती फाईल एकदा काढाच. बाकी आंबे संपत आलेत, तेही खाऊन घ्या.