निसर्गाकडून आकार घ्यायचा की रीत? द्राक्षाच्या पनेटवरून चर्चा

अंबडची डिझायनर

मी पॅकेजिंग डिझाइन करते. आमच्याकडे सध्या वस्तूवर पानाची नक्षी काढली, रंग मातकट केला की ती ‘निसर्गप्रेरित’ म्हणून खपते. मला हे अजिबात पटत नाही. जपानमध्ये ५०० मालिकेच्या शिंकान्सेन या बुलेट ट्रेनचं नाक अभियंते ईजी नाकात्सु यांनी खंड्याच्या चोचीवरून घेतलं, कारण बोगद्यातून बाहेर पडताना हवेच्या दाबाने होणारा धमाका कमी करायचा होता. १९९७ मध्ये गाडी धावू लागली. धमाका कमी झालाच, शिवाय वीजही वाचली. चोच तिथे कामाला आली होती, शोभेला नाही.

मग नाशिकने आपल्या द्राक्षाच्या पेटीपासून सुरुवात का करू नये? अर्ध्या किलोची दहा पारदर्शक पनेट, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्या, खाली बबल शीट, वर बुरशी रोखणारा ग्रेप गार्डचा कागद. द्राक्षं खाऊन झाली की हे सगळं कचऱ्यात. युरोपचा नवा पॅकेजिंग नियम २०२५ मध्ये अमलात आला. २०३० पासून दीड किलोखालच्या ताज्या फळांचं एकदाच वापरायचं प्लास्टिक वेष्टन तिथे बंद होणार आहे. उसाच्या बगॅसच्या (रस काढून उरलेल्या चोथ्याच्या) लगद्याचं पनेट आपण आत्ताच हाती घ्यावं, हे माझं ठाम मत आहे.

निफाडचा बागायतदार

ताई, विचार चांगला आहे, पण कंटेनरमधला माल आमचा असतो. माल प्रीकूलिंगनंतर, म्हणजे तोडणीनंतर झटपट थंड केल्यावर, शून्य अंशाच्या आसपास आणि नव्वद टक्क्यांच्या वर दमट हवेत ठेवावा लागतो. जहाज आफ्रिकेच्या केपला वळसा घालून गेलं तर नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरापर्यंत महिना सहज जातो. लगद्याचं पनेट तेवढ्या काळात ओलावा ओढणार. घडातला ओलावा गेला की आधी देठ तपकिरी होतो, मग मणीगळ. तिकडचा माणूस मण्याआधी देठ बघतो. माल रिजेक्ट झाला की पर्यावरणाचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या नावावर पडतो. सडलेल्या द्राक्षामागेही पाणी, खत, फवारण्या, वीज गेलेलीच असते, त्याचा हिशोब कोण करणार?

रसायनवाला_पंचवटी

मी बागायतदारांच्या बाजूने. वेल्क्रोचंच बघा. स्विस इंजिनियर जॉर्ज द मेस्त्राल यांना कल्पना सुचली ती कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून. पण वस्तू बनली नायलॉनची, जी मातीत जिरत नाही. निसर्गाची नक्कल केली म्हणजे टिकाऊ विकास साधला असं होत नाही. लगद्याच्या ताटल्या-वाट्यांना तेल-पाणी लागू नये म्हणून जगभर पीएफएएस ही फ्लोरिनयुक्त रसायनं वापरली गेली, आणि ती निसर्गात सहजी मोडत नाहीत. असं ‘हिरवं’ पनेट मला प्लास्टिकपेक्षा जास्त घातक वाटतं.

अंबडची डिझायनर

वेल्क्रोचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि माझं म्हणणंही तेच आहे. द मेस्त्राल यांनी बोंडाचा आकार घेतला, बोंडाचा शेवट, म्हणजे मातीत जिरणं, घेतला नाही. पीएफएएसला माझाही ठाम नकार. पण द्राक्षाच्या मण्याकडे जवळून बघा: सालीवर पांढुरका मेणाचा थर असतो. बोट फिरवलं की पुसला जातो, म्हणून तर मजूर घड देठाला धरून उचलतात. तो थर मण्यातलं पाणी आत राखतो आणि बाहेरचा थेंब घरंगळू देतो. कमळाच्या पानावर जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी दाखवलेलं तत्त्व जवळपास हेच: मेण आणि अतिसूक्ष्म उंचवटे. पनेटला आतून वनस्पतीजन्य मेणाचा पातळ थर दिला तर?

सातपूर_टूलरूम

करता येईल, पण स्वस्तात नाही. लगद्याच्या साच्याला जाळी असते, व्हॅक्यूमने पाणी ओढून घेतात. कोपरा खोल आणि उभा असेल तर तो तिथेच फाटतो. म्हणून ड्राफ्ट (भिंतींचा उतार) जास्त द्यावा लागतो, म्हणजे पेटीत दहाची आठ पनेट बसतील. तळाला पानाच्या शिरांसारख्या फासळ्या दिल्या तर कमी लगद्यात ताकद येते, हे मात्र खरं. मेण गरम लगद्यात मुरतं की वर टिकतं, ते साचा काढल्याशिवाय कळणार नाही. आणि बाहेरची कागदी पेटी विसरू नका. दमट हवेत तिची ताकद निम्म्याच्या आसपास येते, मग खालच्या थराचे घड दबतात.

निफाडचा बागायतदार

दहाची आठ म्हणजे कंटेनरमध्ये माल कमी, भाडं तेवढंच. ताई, तुमच्यावर माझा राग नाही. युरोपच्या त्या नियमात पाणी उडून माल खराब होत असेल तर सवलतीची तरतूदही आहे, ती आधी नीट वाचावी. पनेट करायचंच असेल तर पहिली चाचणी लोकल मालावर घ्या. पिंपळगावहून मुंबईला जाणारा माल दोन दिवसांत विकला जातो, तिथे देठाची एवढी काळजी नसते. निर्यातीच्या कोल्ड स्टोरेजला एक पेटी ठेवायला मी देईन, पण तिच्या शेजारी त्याच बागेची, त्याच दिवशी तोडलेली प्लास्टिकची पेटीही राहील. महिन्याने दोन्ही उघडू. तोवर माझा माल प्लास्टिकमध्येच जाणार.

अंबडची डिझायनर

मंजूर. दोन्ही पेट्यांचं वजन आधी आणि नंतर करू, म्हणजे किती पाणी उडालं ते दिसेल. टूलरूमवाले दादा, आठ पनेटचाच साचा धरून खर्च कळवा.