मदत हवी आहे: लसणाला नुसती पात, गड्डा धरतच नाही

परसदार_जळगाव: घरामागे लसणाचा एक वाफा आणि कांद्याचे दोन वाफे आहेत. लसणाची पात गुडघ्याएवढी, हिरवीगार, रोग काही नाही. पण माती सारून बघितलं तर खाली पातीच्या कांद्यासारखा पांढरा दांडा, गड्डा नाहीच. शेजारच्या कांद्यांच्या मानाही अंगठ्याएवढ्या जाड झाल्यात. फेब्रुवारी निम्मा सरला, ऊन तापायला लागलं. काय टाकू म्हणजे गड्डा धरेल? लवकर सांगा, रविवारी कृषी केंद्रात जायचंय.

काळी_कसदार: लावला कधी? वाण कोणता? खत काय नि किती? पाणी किती दिवसांआड? ऊन किती वेळ? हे कळल्याशिवाय ‘काय टाकू’ला उत्तर नाही.

तापीकाठ: काही टाकू नका. पातीला सैल गाठ मारा, नाहीतर पायाने हलकी तुडवा. जोर वर जातोय तो खाली वळेल.

धुळेकरीण: कृपा करून गाठ मारू नका. पाकळी भरते ती पातीने केलेल्या अन्नावर. पात मोडली की अन्न तुटतं, वर जखमेतून जांभळा करपा हा बुरशीचा रोग शिरायला वाट मिळते. शेतात कांद्याची पात पडलेली दिसते तेव्हा कांदा आधीच पोसलेला असतो. पात पडल्यामुळे कांदा पोसत नाही, कांदा पोसल्यामुळे मान मऊ होऊन पात पडते.

तापीकाठ: ताई, आमच्या पट्ट्यात सगळे तुडवतात.

धुळेकरीण: काढणीच्या तोंडावर तुडवतात भाऊ, माना बसाव्यात म्हणून. इथे गड्डाच धरलेला नाही, तुडवून पोसणार काय?

परसदार_जळगाव: डिसेंबरच्या मध्यात लावला. लसूण बाजारातलाच, जाड पाकळ्यांचा, एका गड्ड्यात दहा-बारा पाकळ्या. वाण माहीत नाही. दर पंधरवड्याला मूठभर युरिया. पाणी रोज, नळ आला की. आता सांगा काय टाकायचं.

निंबोळी_अर्क: पात वाकडी होऊन त्यावर चांदीसारखे ठिपके दिसतात का? फुलकिडे असतील. निळे चिकट सापळे लावा आणि ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा, पातीच्या बेचक्यात उतरेल असा.

परसदार_जळगाव: ठिपके नाहीत. पात चांगली आहे हे वर लिहिलंय.

काळी_कसदार: कारण तुमच्याच उत्तरात आहे, एक नाही तर तीन.

पहिलं, उशीर. आपल्याकडे लसूण ऑक्टोबरमध्ये, फार तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लागला पाहिजे. आधी पात वाढते, मग डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री त्याला गड्ड्याकडे वळवतात. तुमचं रोप अंगाने भरायच्या आत थंडी निघून चालली.

दुसरं, बेणं. एका गड्ड्यात दहा-बारा जाड पाकळ्या म्हणजे बहुतेक डोंगरी वाण, ॲग्रीफाउंड पार्वतीच्या जातीतला. त्याला मोठा दिवस आणि लांबलेली थंडी लागते, खान्देशात दोन्ही नाही. आपल्याकडे गोदावरी, श्वेता, फुले बसवंत, भीमा पर्पल यांतला घ्यावा.

तिसरं, युरिया. वाफा केवढा आहे?

परसदार_जळगाव: सहा बाय चार फूट.

काळी_कसदार: मग हिशेब बघा. लसणाला हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन) धरतात, म्हणजे चौरस मीटरला १० ग्रॅम नत्र, युरियात साधारण २२ ग्रॅम. तुमचा वाफा सव्वादोन चौरस मीटरचा, म्हणजे सबंध हंगामाला मिळून ५० ग्रॅमच्या आत. तेही काही लावताना, बाकीचं तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी, पुढे बंद. एका मुठीतच ४०-५० ग्रॅम जातो. उशिरा नत्र आणि रोज पाणी मिळालं की लसूण पातच काढत राहतो, पुढे पाकळ्यांनाच बाजूने फुटवे येतात आणि गड्डा दाबला की रबरासारखा पिचतो. कांद्याच्या जाड माना त्याच युरियाच्या. ते कांदे टिकणार नाहीत, आधी खाऊन टाका.

सावदा_मळा: कांदा साठवायचा असेल तर पात सुकू द्या, बोटभर मान ठेवून कापा, आठ-दहा दिवस सावलीत वाळवा. जोडकांदे नि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) वेगळे काढा. खालून हवा लागेल अशा बांबूच्या तट्ट्यावर थर लावा.

परसदार_जळगाव: साठवायचं विचारलंच नाही हो.

गादीवाफा: कोणी मातीकडे बघतच नाही. काळी माती रोजच्या पाण्याने चिकट होते, वाळली की आवळते, गड्ड्याला फुगायला जागा राहत नाही. पुढल्या खेपेला वीतभर उंच गादीवाफा करा, कुजलेलं शेणखत मिसळा. रासायनिक खताची गरजच नाही.

काळी_कसदार: गादीवाफा शंभर टक्के बरोबर. पण नुसत्या शेणखतावर गंधक पुरेलच असं नाही, आणि लसणाचा तिखटपणा गंधकावर असतो. लावताना सिंगल सुपर फॉस्फेट दिलं तर स्फुरद (फॉस्फरस) आणि गंधक दोन्ही जातं.

गादीवाफा: माझ्या वाफ्यात फक्त शेणखत असतं आणि लसूण झणझणीत निघतो.

भरीतवाला_बामणोद: एवढी पात आहे तर चिंता कसली? भरताची वांगी अजून मिळतात. काड्यांवर वांगी भाजा, बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचा, वर लसणाची आणि कांद्याची पात बारीक चिरून घाला. सोबत कळण्याची भाकरी.

धुळेकरीण: यात तथ्य आहे, अर्धा वाफा पातीसाठीच वापरा. पण आधी एक रोप उपटून बुडख्याच्या जरा वर आडवं कापा. आत कांद्यासारखी नुसती वलयं दिसली तर गड्डा धरायला सुरुवातच नाही. मधल्या कोंबाभोवती छोटे फुगीर ठिपके गोलाने बसलेले दिसले तर पाकळ्या धरल्यात.

परसदार_जळगाव: चार कापली. तीनमध्ये वलयं, एकात ठिपके. ते रोप शेवग्याच्या झाडापासून लांबच्या कडेचं होतं, बाकीच्यांवर दुपारनंतर सावली येते. मग आता टाकायचं काय?

काळी_कसदार: सावली पण आहे! हे आधी सांगायचं भो. टाकायचं काहीच नाही. युरिया आजपासून बंद. पाणी आठवड्याने, माती दोन बोटं खोल सुकली की मगच, मुळं वरच्याच थरात असतात म्हणून फार ताणूही नका. शेवग्याच्या खालच्या फांद्या छाटा. सावलीकडची रोपं पातीसाठी उपटा, उन्हातली ठेवा. खालची पानं पिवळी पडून शेंडे वाळले की पाणी तोडा, दोन-तीन आठवड्यांनी काढा.

परसदार_जळगाव: आणि एकच गोल पाकळी निघाली तर?

धुळेकरीण: एरवी ती फेकू नका म्हटलं असतं, एककळी ऑक्टोबरमध्ये लावली की तिचा पाकळ्यांचा गड्डा होतो. पण तुमचं बेणं डोंगरी दिसतंय, ते खाऊन टाका आणि नवीन आणा. बाहेरच्या जाड पाकळ्या निवडा, टोक वर, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल, दोन ओळींत १५ आणि दोन पाकळ्यांत १० सेंटीमीटर. बेणं सप्टेंबरातच बघून ठेवा.