टर्मिनेटर २ तुम्ही पहिल्यांदा कुठे पाहिलात?

कोलशेतकर
काल लेकाने टर्मिनेटर २ लावला, अर्नोल्ड यंत्रमानव असतो तो. आठवीत आहे, अर्धं लक्ष मोबाइलमध्ये. पण शेवटच्या भट्टीच्या प्रसंगाला मोबाइल पालथा पडला तो उचललाच नाही. मला मात्र ९३ सालचे बाबा आठवले.

वर्तकनगरच्या दोन खोल्या, भाड्याचा व्हीसीआर, एका रात्रीत तीन कॅसेटी वसूल करायच्या. हा तिसरा, म्हणजे रात्रीचे अडीच वाजलेले. इंग्रजी कोणालाच धड कळत नव्हतं. बाबा वागळे इस्टेटच्या एका फाउंड्रीत. दुसरी पाळी करून आलेले, भिंतीला टेकून पेंगत होते. पडद्यावर पोलादाचा रस दिसला आणि एकदम ताठ बसले. "एवढ्या जवळ उभं राहतात होय? भुवया जळतील." त्यांच्या हातांवर ठिणग्यांचे पांढरे ठिपके होते, ते चोळत चोळत पुढचं सगळं बघितलं. अर्नोल्ड खाली जायला लागला, आई पदराने डोळे पुसतेय आणि बाबा म्हणतात, "लोखंडाचा रस जड असतो. माणूस असा बुडत नाही, वर तरंगेल."
आई रडत रडतच, "तो माणूस नाहीये हो!"

तुमचे किस्से येऊ द्या.

साबुदाणा
काकू रॉक्स 😂😂 कुकर लावून येते, मग लिहिते

सेक्टर नऊ
वाशी. केबलवाला शनिवारी रात्री लावायचा. खाली जाहिरातीची पट्टी सरकत असायची. अर्नोल्ड मोटरसायकलवरून कालव्यात उडी मारतोय आणि त्याच्या छातीवरून "साड्यांचा भव्य सेल" जातोय. अजूनही तो सीन बघताना पट्टी नाही म्हणून चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. आणि ऐन हेलिकॉप्टरला लाइट गेली. शेवट पाहिला तो थेट कॉलेजात गेल्यावर.

फिल्मी_घोडबंदर
@सेक्टर नऊ ते हेलिकॉप्टर पुलाखालून जातं ना, ते खरंखुरं नेलंय. आणि बाबांना सांगा, भुवया कोणाच्याच जळल्या नसत्या. कॅलिफोर्नियातल्या फोन्टानाची ती पोलाद मिल बंद पडलेली होती. दिव्यांची करामत करून ती चालू असल्याचं भासवलंय.

कोलशेतकर
बंद मिल? बाबांची कंपनीही बंद पडली, तिथे आता टॉवर आहे. दिवे तिथेही भरपूर असतात.

कोपरीची
मला फक्त तारीख आठवते. २९ ऑगस्ट १९९७, सिनेमातला जगबुडीचा दिवस. आमचा एक मित्र आठवडाभर अभ्यासाला हात लावेना, म्हणे कशाला. शुक्रवार होता. गणपती तोंडावर, आम्ही मंडपाचे बांबू बांधत होतो. संध्याकाळी तो आला आणि गुपचूप सुतळी धरून उभा राहिला. शनिवारी शाळेत छड्या खाल्ल्या.

साबुदाणा
आले. मी पारा पाहिला! म्हणजे तो पोलीसवाला व्हिलन वितळतो ना, ते बघून दुसऱ्या दिवशी घरातला थर्मामीटर फोडला. जमिनीवर मण्यांसारखा पसरला, बोटाने ढकलून गोळा केला की पुन्हा एक व्हायचा. विषारी असतो हे आईच्या फटक्यांनंतर कळलं. (मुलांना सांगू नका.)

फिल्मी_घोडबंदर
त्या वितळणाऱ्याचे कॉम्प्युटरवर केलेले शॉट्स सगळे मिळून जेमतेम पाच मिनिटांचे आहेत. बाकी स्टॅन विन्स्टनच्या टीमने बनवलेले पुतळे आणि मुखवटे. शेवटी सारा, म्हणजे नायिका, एकाच्या दोन होऊन समोरासमोर येतात त्यातली एक लिंडा हॅमिल्टनची सख्खी जुळी बहीण.

सेक्टर नऊ
आणि मी इतकी वर्षं कॅमेऱ्याची ट्रिक समजत होतो!!

नवखा_कळवा
मी अजून पाहिलाच नाही 🙈 आधी पहिला बघावा लागतो का?

कोपरीची
आधी दुसराच बघ. १९८४ च्या पहिल्या भागात अर्नोल्ड व्हिलन आहे, त्यामुळे तो बघितलेल्यांना दुसऱ्यात सुरुवातीला धाकधूक वाटणं अपेक्षित होतं. आपल्याकडे किती जणांनी तो क्रम पाळला? आम्ही तर अर्नोल्ड दिसला की टाळ्या. तो मारायला आलाय की वाचवायला, कोण विचारतंय.

फिल्मी_घोडबंदर
काहीही काय सल्ला देता! आधी पहिला बघ रे.

मिसळप्रेमी
धाग्याशी संबंध नाही, पण मामलेदार मिसळला रविवारी सकाळी किती गर्दी असते? पुण्याचे पाहुणे आहेत, तिखट झेपत नाही.

साबुदाणा
मग मामलेदारला नेताच कशाला 😂

सेक्टर नऊ
@कोलशेतकर काल बाबांनी पाहिला का परत?

कोलशेतकर
बाजूच्या खुर्चीतच होते. आता दिसत फारसं नाही, आवाजावरून बघतात. पाठ आहे त्यांना. संगीत बदललं तसं नातवाला कोपराने ढोसून विचारलं, "तरंगला का?"

मिसळप्रेमी
काका 🙏
ताक घेऊन जाऊ का सोबत?